कळा सुरू झाल्यावर उताणेच का पडून राहायचे?

अबोली

नमस्कार. मला चौतिसावा आठवडा चालू आहे आणि हे माझे दुसरे बाळंतपण. पहिले पाच वर्षांपूर्वी आमच्याच उपनगरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात झाले. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांविषयी नसून पद्धतीविषयी आहे. पहाटे चार वाजता, कळा चालू असताना, मी दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून गेले. वर पोहोचल्यावर मात्र मला टेबलावर उताणे झोपवून डाव्या हाताला सलाईन आणि पोटावर ठोके मोजणाऱ्या यंत्राचे दोन पट्टे लावण्यात आले. पुढचे नऊ तास मी छतावरच्या पंख्याकडे पाहत काढले. कुशीवर वळले की पट्टा सरके, यंत्र वाजू लागे आणि पडद्यापलीकडून आवाज येई, "हलू नका हो, ठोके लागत नाहीत." प्रत्येक कळ कंबरेतून मागे सणकत जाई, आणि त्या क्षणी उठून कशाला तरी घट्ट धरून उभे राहावे, असे मला फार वाटे. शेवटी पाय रिकिबीत अडकवून, चीर घेऊन बाळ झाले. मूल उत्तम आहे, टाकेही भरून आले, पण ती उठण्याची ओढ अजून माझ्या लक्षात आहे.

माझा प्रश्न असा की ती ओढ नुसती कळांनी आलेली अस्वस्थता होती, की शरीर काही योग्य तेच सांगत होते? हिंडण्या-फिरण्याने, बसण्या-उठण्याने प्रसूतीत खरोखर फरक पडतो का? आणि पडत असेल, तर मुंबईतल्या रुग्णालयात आधी काय विचारून ठेवावे?

शीवची डॉक्टर

अबोली, मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि माझी उमेदवारीची वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात गेली आहेत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी थोडे लिहिते. तुमची ओढ योग्यच होती.

उताणे झोपल्यावर काय होते ते आधी पाहू. पूर्ण दिवसांचे गर्भाशय, आतले बाळ, वार आणि पाणी हे सगळे ओझे पाठीच्या कण्यावर येते, आणि कण्याच्या पुढे, किंचित उजवीकडे, शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर असते. ती दाबली गेली की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, काही बायकांचा रक्तदाब उतरतो, घाम सुटतो, मळमळते, आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाहही घटतो. डाव्या कुशीवर वळवले की बहुधा काही मिनिटांत रंग परत येतो. म्हणजे "हलू नका, ठोके लागत नाहीत" असे म्हणून ज्या स्थितीत आपण बाईला खिळवून ठेवतो, तीच स्थिती कधी कधी ठोके बिघडण्याचे कारण असते. हे मी स्वतः विद्यार्थिदशेत केले आहे, म्हणून लिहिताना थोडी लाजही वाटते.

दुसरी गोष्ट हाडांची. कटीर, म्हणजे बाळ ज्यातून खाली येते ती कमरेच्या हाडांची चौकट, काही सिमेंटचा पाइप नव्हे. त्याचे सांधे गरोदरपणात सैल झालेले असतात आणि मागचे माकडहाड मागे सरकू शकते, पण बाई त्याच हाडावर पाठ टेकून पडली असेल तर ते सरकणार कुठे? उकिडवे बसले, गुडघे टेकून पुढे वाकले किंवा कुशीवर झोपून वरचा पाय उचलला, की ती जागा मोकळी होते. बाळालाही सरळ रेषेत उतरायचे नसते. डोके वळवत, मान वाकवत, खांदे फिरवत ते खाली येते. आईने एक पाय स्टुलावर ठेवून डुलणे, कंबर गोल फिरवणे, जिना चढणे याने कटिराच्या दोन बाजू वेगवेगळ्या उघडतात आणि अडलेल्या डोक्याला वळायला वाव मिळतो.

आता पुरावा. पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, उभ्या राहणाऱ्या व चालणाऱ्या आणि पडून राहणाऱ्या बायकांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली मांडला. त्यात हिंडत्या गटाचा हा टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी भरला, सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले आणि एपिड्यूरलची, म्हणजे कंबरेखालचा भाग बधिर करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची, मागणीही कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, जोखीम कमी असलेल्या स्त्रियांना कळांच्या काळात हिंडण्यास आणि उभ्या स्थितीत राहण्यास प्रोत्साहन द्यावे आणि जोर देतानाची स्थितीही स्त्रीने आपल्या सोयीने निवडावी, असे म्हटले आहे. त्याच सूचनांत, निरोगी स्त्रीच्या आपणहून सुरू झालेल्या कळांत सतत पट्टे लावून ठेवण्याची शिफारस नाही. अधूनमधून डॉपलर या हातात धरायच्या छोट्या यंत्राने किंवा साध्या नळीने ठोके ऐकणे पुरेसे मानले आहे.

जोर देण्याच्या टप्प्याचे चित्र एवढे एकतर्फी नाही. त्याविषयी नंतर लिहीन. ओपीडीची वेळ झाली.

लालबागच्या काकू

अबोलीताई, मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, तेव्हा माझे शास्त्र ऐकीव समजा. माझी आई आम्हा चौघांच्या वेळी संगमेश्वराकडच्या घरात बाळंत झाली. माजघरातल्या वाशाला कासरा बांधलेला असे आणि कळ आली की तो दोन्ही हातांनी धरून ती ओणवी होई. सुईण मागे बसून कंबर दाबत असे. दोन कळांच्या मध्ये तिला स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत फेऱ्या घालायला लावत. मी मुंबईत नांदायला आले आणि माझी बाळंतपणे प्रसूतिगृहात झाली. तिथे खाटेवरून पाय खाली टाकला तर आयाबाई ओरडत. आईला कासरा मिळाला आणि मला लोखंडी खाट मिळाली, असे मी थट्टेने म्हणते खरी, पण हेही सांगते की आईच्या चौघांच्या आधी एक मूल गेले होते आणि ती स्वतः दोनदा मरता मरता वाचली. म्हणून कोणी जुने ते सगळे सोने म्हणू लागले की मला राग येतो. कासरा चांगला होता. रक्त थांबवायला मात्र त्या घरात काही नव्हते.

आयुर्वेदाची विद्यार्थिनी

काकूंच्या फेऱ्यांवरून आठवले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात नेमका हाच वाद आहे. कळा चालू असूनही प्रसूती होत नसेल, तर बाईने उठून मुसळ घ्यावे, धान्याने भरलेल्या उखळात कांडावे, आणि मधूनमधून जांभया द्याव्यात व फिरावे, असे काहींचे मत तिथे दिले आहे. त्यावर आत्रेय, म्हणजे त्या ग्रंथात उपदेश करणारे गुरू, स्पष्ट नकार देतात. गर्भिणीला दारुण व्यायाम नेहमीच वर्ज्य सांगितला आहे आणि प्रसूतीच्या वेळी तर तो विशेष घातक, म्हणून मुसळ नको. चंक्रमण, म्हणजे फिरणे, आणि जांभई मात्र ठेवावी, असा तो निर्णय आहे. "सासूबाईंनी लादी पुसायला लावली की लवकर सुटका होते" हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य या वादात कोणत्या पक्षाचे, ते तुम्हीच ठरवा.

स्पष्टवक्ता

सगळे मान्य, पण हल्ली समाजमाध्यमांवर या विषयाचे जे सोवळे झाले आहे त्याचे काय? माझ्या धाकट्या बहिणीने उकिडवे बसूनच बाळंत होण्याचा हट्ट धरला. तिला लहानपणापासून कमोडची सवय. पाच मिनिटे उकिडवे बसली की टाचा उचलल्या जातात आणि पायांना मुंग्या येतात. ऐन वेळी ती दमली, टेबलावर झोपूनच बाळंत झाली, आणि नंतर महिनाभर आपण काहीतरी चुकवले म्हणून रडत होती. उताणे झोपवण्याची सक्ती जशी वाईट, तशी उभे राहण्याची सक्तीही वाईटच.

तिसरी पाळी

मी परिचारिका आहे, पंधरा वर्षे प्रसूतिकक्षात आहे, आणि स्पष्टवक्ता यांच्या बहिणीसारख्या मुली मी खूप पाहिल्या आहेत. त्यांना मी एवढेच सांगते की उकिडवे बसणे ही अनेकांतली एक बसण्याची रीत आहे. ती परीक्षेचा पेपर नाही.

अबोलीताईंना आतली बाजू सांगते. बाईला झोपवून ठेवण्यामागे दुष्टपणा नसतो, हिशेब असतो. रात्रपाळीला हाताशी माणसे कमी, टेबले एकाला एक लागून, मध्ये पडदा असला तर असला. फिरणारी बाई घसरून पडली तर जाब मला द्यावा लागतो, कारण फरशीवर कधी पाणी असते, कधी आणखी काही. झोपलेली बाई नजरेत राहते. टेबल डॉक्टरांच्या कमरेच्या उंचीला बांधलेले, दिवा तिकडेच वळवलेला, टाके घालायचे सामान तिकडेच मांडलेले. म्हणजे सगळी खोलीच झोपलेल्या बाईसाठी रचलेली असते. त्या खोलीत एकटी बाई "मला उठायचे आहे" म्हणते तेव्हा तिला फक्त माझ्याशी नाही, सगळ्या खोलीशी भांडावे लागते.

तरी फरक पडतो आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवण्यास मान्यता दिली आणि २०१७ च्या डिसेंबरात प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू झाला. सोबतीण असली की फिरवणे सोपे होते, हा माझा रोजचा अनुभव आहे. आई, जाऊ, नणंद कोणीही चालते, फक्त ती घाबरट नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसूतीच्या नोंदीसाठी जो नवा तक्ता काढला, त्यात ठोके आणि रक्तदाबाच्या वरच्या भागात सोबत कोण आहे, पाणी दिले का, आणि बाई कोणत्या स्थितीत आहे, हेही लिहायचे असते. ती उताणी पडलेली असेल तर तो शेरा धोक्याच्या रकान्यातल्या खुणेशी जुळतो आणि त्यावर गोल करायचा असतो. म्हणजे नाडी वाढली की जसे लक्ष द्यायचे, तसेच बाई पाठीवर पडली असेल तरी द्यायचे. हे पहिल्यांदा शिकवले तेव्हा आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे पाहून हसलो होतो, कारण तेव्हा आमच्या सगळ्याच टेबलांवर गोल करावे लागले असते.

आता कामाचे. सलाईन चालू असले तरी सुई हातात तशीच ठेवून नळी काढता येते. विचारायला लाजू नका. कळा वाढवण्याचे औषध त्या सलाईनमधून चालू असेल तर नळी काढता येत नाही आणि ठोक्यांवर जास्त लक्ष ठेवावे लागते, पण तेव्हाही टेबलाशेजारी उभे राहता येते, खुर्चीवर उलटे बसून पाठीच्या टेकूवर हात टाकता येतात. आमच्याकडे जुन्या इमारतीत खिडकीला उभे गज आहेत. कळ आली की मी बाईला ते गज खांद्याच्या उंचीवर धरायला लावते, पाय फाकवून, गुडघे सैल सोडून कंबर डावीकडून उजवीकडे हलवायला सांगते, आणि मागून दोन्ही तळहातांनी माकडहाडाच्या वरचा भाग दाबते. कळ ओसरली की गजावरची पकड सुटते, बोटांना गंजाचा वास लागलेला असतो. या कामाला चेंडू लागत नाही, खास खुर्ची लागत नाही, एक पैसा लागत नाही.

निशिगंध

मी एपिड्यूरल घेणार आहे, कारण माझ्या मनाची तयारी तेवढीच आहे. मग ही सगळी चर्चा माझ्यासाठी बाद समजायची का?

शीवची डॉक्टर

निशिगंध, बाद मुळीच नाही, पण तुमचे उत्तर वेगळे आहे आणि ते पुष्कळांना अनपेक्षित वाटते. इंग्लंड-वेल्समध्ये पहिलटकरणींची एक मोठी चाचणी झाली, जिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एपिड्यूरल दिलेले होते. जोर देण्याच्या टप्प्यात एका गटाला उभ्या स्थितीत ठेवले आणि दुसऱ्या गटाला कुशीवर झोपवले. चिमटा, व्हॅक्यूम किंवा शस्त्रक्रियेशिवाय बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण कुशीवरच्या गटात ४१.१ टक्के आणि उभ्या गटात ३५.२ टक्के निघाले. म्हणजे कंबरेखाली बधिरता असताना कूस सरस ठरली. तुम्ही दर अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलून घ्या, गुडघ्यांमध्ये जाड उशी किंवा शेंगेच्या आकाराचा फुगीर चेंडू ठेवा, आणि पाय नीट उचलता येत नसतील तर उठण्याचा हट्ट धरू नका.

आता राहिलेला मुद्दा. एपिड्यूरल नसताना जोर देण्याच्या टप्प्यात उभ्या स्थिती घेतल्यास चिमटा-व्हॅक्यूमची गरज आणि चीर घेण्याचे प्रमाण प्रत्येकी सुमारे चतुर्थांशाने कमी होते, असे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसते. पण त्याच आढाव्यात आपोआप फाटण्याचे प्रमाण थोडे वाढलेले असण्याची शक्यता आहे, आणि ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकाही अधिक आढळल्या. आपल्याकडे नऊ हिमोग्लोबिन घेऊन, म्हणजे अंगात रक्त कमी असताना, कळांत येणारी बाई रोजची आहे. तिच्या बाबतीत मी हा आकडा डोळ्यांआड करू शकत नाही. तिला मी कुशीवर बाळंत करते. तीही उताणी नसलेलीच स्थिती आहे, योनीच्या तोंडाखालच्या भागावर ताण कमी येतो, मला हात देता येतो आणि दिसतेही.

उताणे झोपवून गुडघे पोटाकडे घ्यावे लागतात अशीही वेळ येते. डोके बाहेर आले आणि खांदा अडकला, तर पहिला उपाय तोच. त्याने नाही साधले तर बाईला चार पायांवर वळवणे हाही एक मान्य उपाय आहे. म्हणून कोणत्याही स्थितीला शाप देऊ नये. हिंडणे सरळ नाकारावे लागते ते भरपूर रक्त जात असेल तर, रक्तदाब फार वाढून झटक्यांची भीती असेल तर, गुंगीचे औषध दिले असेल तर, आणि पाणी फुटले आहे पण बाळाचे डोके अजून वरच तरंगते आहे तर, कारण तेव्हा नाळ खाली घसरण्याची भीती असते.

जाता जाता, रिकिबीत पाय अडकवण्याच्या त्या स्थितीचे 'लिथोटॉमी' हे इंग्रजी नाव मूत्राशयातला खडा काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेवरून आले आहे. बाळंतपणाशी त्या नावाचा मुळात संबंध नाही. सोय शल्यविशारदाची होती, ती पुढे आमच्या अंगवळणी पडली.

मुलुंडचा बाबा

दीड वर्षापूर्वीचा नवऱ्याच्या बाजूचा अनुभव लिहितो. आमचे घर एका खोलीचे, त्यात आई-बाबा; फिरायला जागा म्हणजे इमारतीचा जिना आणि खालची पार्किंगची जागा. पहिले सहा तास आम्ही तिथेच काढले. बायकोच्या सगळ्या कळा पाठीतून येत होत्या. नंतर कळले की बाळाचे तोंड पोटाकडे होते. उभे राहून तिला बरे वाटेना. शेवटी ती पलंगाच्या कडेला गुडघे टेकून, पलंगावर हात आणि डोके ठेवून पुढे झुकली आणि तिथे तिला पहिल्यांदा श्वास घेता आला. माझे काम एवढेच होते की कळ सुरू झाली की मुठीने कंबरेचा खालचा भाग दाबायचा आणि ती "बस" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी माझे मनगट सुजले होते. हे मी घरात अजून अधूनमधून ऐकवतो आणि त्यावर काय उत्तर मिळते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

एक सूचना: जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर "घरी हिंडून मग निघू" हा बेत जरा आखडता ठेवा. आमच्या रस्त्यावर पाणी भरले होते आणि रिक्षात, उभे नाही, झोपलेले नाही, अशा तिसऱ्याच स्थितीत तिला सर्वांत जास्त त्रास झाला.

तिसरी पाळी

बाबा, पाठीतल्या कळांना गुडघे-कोपरांवरची स्थिती बहुतेकींना मानवते, आम्हीही तीच सुचवतो. आणि रिक्षात मागच्या सीटवर कूस धरून, डोके सोबतिणीच्या मांडीवर ठेवायचे.

स्पष्टवक्ता

डॉक्टर, तिसरी पाळी, दोघींचेही आभार. बहिणीला हा धागा पाठवतो आहे. विशेषतः तो पेपर नसल्याचा भाग.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तपासणी होती. या वेळी दुसरे रुग्णालय आहे. तुमच्या लिहिण्यातून काढलेले तीन प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते, कारण समोर बसल्यावर माझे शब्द जातात.

कळा आपणहून सुरू झाल्या आणि सगळे ठीक असेल तर सतत पट्टे लावणार का, हा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी सांगितले की आल्यावर वीस मिनिटे लावू, आलेख चांगला असेल तर काढू आणि नंतर दर अर्ध्या तासाने डॉपलरने ऐकत राहू. जोर देताना दर पाच मिनिटांनी ऐकावे लागेल. दुसरा, सासूबाईंना आत येऊ देणार का. देणार, चपला बदलून आणि एकटीलाच. तिसऱ्या प्रश्नाला, जोर देताना कसे राहायचे, त्या जरा थांबल्या. उकिडवे बसण्याला त्यांनी नकार दिला. आमचे टेबल त्यासाठी अरुंद आहे आणि मला स्वतःला त्या स्थितीचा सराव नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. डाव्या कुशीवर चालेल का, असे मी विचारले, त्याला मात्र लगेच हो म्हणाल्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर तसे लिहूनही दिले. माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे, तेव्हा मला हे पटले. सराव नाही असे तोंडावर सांगणारी डॉक्टर मला तरी अधिक भरवशाची वाटली.

मग सिस्टरने प्रसूतिकक्ष दाखवला. तिसरी पाळी यांनी लिहिले होते म्हणून मी आधी खिडकी पाहिली. गज नाहीत, नवी सरकती अॅल्युमिनियमची खिडकी आहे, धरायला काही नाही. पण खाटेच्या पायथ्याशी जाड लोखंडी दांडा आहे, बरोबर माझ्या खांद्याच्या थोडा खाली येतो. मी तो दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून, जरा वाकून पाहिले. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांना काही न सांगताच त्यांनी तळहात कंबरेला लावला आणि विचारले, "इथं दाबायचं ना?" किंचित खाली, असे मी सांगितले.